पॅनेलवर १७०, आत १५०: ओव्हनच्या सेन्सरचा शोध, नागपूर

६ मे

ओव्हन विजेचा, भिंतीत बसवलेला. वर आणि खाली कॉइल, मागे पंख्याभोवती गोल कॉइल, समोर आकडे दाखवणारं पॅनेल. वॉरंटी संपलेली आहे. मी घरूनच केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. हा ओव्हन बिघडला की काम ठप्प, म्हणून सगळं लिहून ठेवतेय. पुढे कोणाच्या तरी कामी येईल.

तक्रार अशी. १७० वर तापवला, पॅनेल १७० दाखवतं, ज्वारीच्या नानखटाईचा पहिला ट्रे छान निघतो. दुसरा फिका. तिसरा तेवढ्याच वेळात काढला तर बुड पांढरं आणि मधोमध कच्चं. पीठ तेच, तूप तेच, साच्याचा आकार तोच. आज तर तिसऱ्या ट्रेच्या वेळी पॅनेलवर सेन्सरच्या बिघाडाची खूण लुकलुकली आणि ओव्हन आपणहून थांबला. बंद करून पाच मिनिटांनी लावला तर काही झालंच नाही असा चालू.

पहिला ट्रे बरा आणि पुढचे बिघडत जातात, ही गोष्ट तुमच्याकडे असेल तर ती आधी लिहून ठेवा. सुरुवातीपासूनच कमी तापणं वेगळं आणि तापत राहिल्यावर कमी होत जाणं वेगळं.

७ मे

घरात सगळ्यांचं एकच मत: व्होल्टेज. मे महिना आहे, कॉलनीत घरोघरी कूलर आणि एसी चालू आहेत, तेव्हा शंका रास्त होती. सॉकेटवर मोजलं. दुपारी ४ ला २०८ व्होल्ट, रात्री ११ ला २३१. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे २०८ वर जवळपास १८ टक्के कमी. त्याने ओव्हन तापायला वेळ जास्त लागेल, पण एकदा तापला की तो १७० वरच राहायला हवा, कारण कॉइल कधी चालू-बंद करायची ते सेन्सर बघून ठरतं. तरी खात्री हवी म्हणून रात्री ११ नंतर पुन्हा ट्रे लावले. निकाल तोच. व्होल्टेज यादीतून काढलं.

मग साखरेची चाचणी. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १९० वर लावायचा आणि चमचाभर साखर फॉइलच्या वाटीत ठेवून १५ मिनिटं थांबायचं. नुकत्याच तापलेल्या ओव्हनमध्ये साखरेच्या कडा पातळ होऊन सोनेरी झाल्या. दीड तास चालू ठेवून दुसरी वाटी ठेवली, तर दाणे जसेच्या तसे, कोरडे. पॅनेल दोन्ही वेळा १९० दाखवत होतं. थर्मामीटर नसेल तरी एवढ्यावरून कळतं की ओव्हन खोटा आकडा सांगतोय आणि वेळ जाईल तसा तो खोटेपणा वाढतोय.

९ मे

मेकॅनिक येऊन गेला. भेटीचे ४५० रुपये. मागचा पत्रा उघडला, सेन्सरच्या वायरींना मीटर (मल्टिमीटर) लावला, "सेन्सर ओके हाय ताई, बोर्डच गेला" म्हणाला. बोर्ड म्हणजे सेन्सरचा आकडा वाचून कॉइल चालू-बंद करणारं सर्किट. नवीन बोर्डाचे ८,५०० रुपये आणि येईपर्यंत तीन आठवडे. मी दुसऱ्या ट्रेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला की बोर्ड गरम झाला की असं होते. अशक्य नाही. पण बोर्ड पुढे वरच्या बाजूला, थंड हवेच्या पंख्याखाली बसतो, आणि माझ्या हाताला तो कधी फार गरम लागला नाही. एवढ्या अंदाजावर ८,५०० द्यायचं मन झालं नाही.

१० मे

स्वतः मोजायला घेतलं. आधी एमसीबी पाडला, मग प्लगही काढला. दोन्ही करा, नुसत्या पॅनेलच्या बटणावर जाऊ नका. तुमचा ओव्हन मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन जातीचा असेल तर तो घरी उघडूच नका. त्यातला हाय व्होल्टेजचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेईल एवढा भार धरून ठेवू शकतो. माझा नुसता कॉइलचा ओव्हन आहे, म्हणून उघडला.

माझ्या ओव्हनचा सेन्सर म्हणजे मागच्या भिंतीत वर उजवीकडे आडवी शिरलेली स्टीलची बारीक नळी. आतून दोन स्क्रू, मागे दोन वायरी, त्या उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लोकरीतून बाहेर येऊन दोन पिनांच्या पांढऱ्या कनेक्टरला जोडलेल्या. तिथून दुसऱ्या वायरी पुढे बोर्डाकडे. नळीवर पीटी-१००० असं कोरलेलं होतं. म्हणजे शून्य अंशाला त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) १००० ओहम, आणि तापमान वाढेल तसा तो वाढतो, अंशाला साधारण पावणेचार ते चार ओहम.

मीटरने ११५९ दाखवले. यावर जरा थांबून लिहिते. सगळीकडे सांगतात की खोलीच्या तापमानाला ११०० च्या आसपास यायला हवेत. ती खोली २५ अंशांची असते. माझ्या स्वयंपाकघरात आज दुपारी ४१ अंश होते, आणि ४१ ला पीटी-१००० चे ११५९ च येतात. उन्हाळ्यात विदर्भात कोणी सेन्सर मोजत असेल तर शेजारी थर्मामीटर ठेवूनच मोजा, नाहीतर चांगला सेन्सर कचऱ्यात जाईल. सोयीसाठी माझ्या वहीतले आकडे: ० ला १०००, २५ ला १०९७, ४० ला ११५५, १०० ला १३८५, १५० ला १५७३, २०० ला १७५९. मीटर साधा असला तरी चालतो. २००० ओहमच्या रेंजवर एकेक ओहम दिसतो, म्हणजे पाव अंश. मीटरच्या वायरींचा अर्धा-एक ओहम इथे मनावर घ्यायचं कारण नाही.

११ मे

सेन्सर काढून आणला. काचेची लोकर हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क. खाज दिवसभर जात नाही.

बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात नळीचं टोक: १००१. उकळत्या पाण्यात: १३८१. इथे १३८५ यायला हवेत असं वाटेल, पण नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं उंच आहे, पाणी ९९ ला उकळतं, आणि ९९ चे १३८१ च होतात. नळीचं फक्त टोक बुडवा. वायरी निघतात त्या बाजूला पाणी गेलं की रोध कमी दिसायला लागतो आणि तो ओलावा लवकर निघत नाही.

म्हणजे १०० अंशांपर्यंत सेन्सर निर्दोष. त्याच्यावर पाण्यात तपासता येत नाही आणि उकळत्या तेलात बुडवायचा धोका मी घेणार नाही. आतली तार जास्त तापल्यावर सैल होत असेल, ही शंका राहिली. बदलून बघणं हाच उपाय दिसला.

१५ मे

ऑनलाइन मागवलेला "सगळ्या ओव्हनना चालणारा" सेन्सर आला. नळी तेवढीच, स्क्रूंची छिद्रं तीच, कनेक्टर तोच. बसवण्याआधी मीटर लावला: ५७८. हा पीटी-५००, म्हणजे शून्य अंशाला ५०० ओहमवाला निघाला, पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही. पीटी-१००० मागणाऱ्या बोर्डाला ५७८ म्हणजे शून्याखाली शंभराहून जास्त अंश. बसवला असता तर लगेच बिघाडाची खूण आली असती, आणि मग बोर्डावर आणखी संशय. परत पाठवला. ६२० रुपये मिळाले, कुरिअरचे ८५ माझे गेले.

१६ मे

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. मोदी नंबर ३ च्या गल्लीत विचारत विचारत एका दुकानात सेन्सर मिळाला, ११५० रुपये. दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, मीटर लावून द्या, मगच घेते." त्याने लगेच लावून दाखवला. दुकानात एसी होता, ११०५ आले, २७ अंशांना बरोबर. सोबत मीटरला जोडायची के-टाइप थर्मोकपलची वायर घेतली, २८० रुपये. तिचं टोक जिथे टेकवाल तिथलं तापमान मीटरवर दिसतं. ही वायर मात्र प्रत्येकाने घ्यावी. टांगायचा डायलवाला थर्मामीटर मी ३५० ला आधीच घेतला होता, पण तो इतका सावकाश हलतो की कॉइल चालू-बंद होतानाचा चढउतार त्याच्यावर दिसतच नाही.

संध्याकाळी नवीन सेन्सर बसवला. पहिला ट्रे सुंदर. तिसरा कच्चा.

फार वाईट वाटलं. शनिवारच्या दोन वाढदिवसांच्या ऑर्डरी नाही म्हणून कळवल्या. त्यातली एक सहा वर्षांच्या मुलीची होती आणि तिच्या आईने मागच्या वर्षीही माझ्याकडूनच केक नेला होता.

१७ मे

शेजारचे काका रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेत. सकाळी त्यांना सगळं सांगितलं.

"सेन्सर मोजला?"

"हो काका. बर्फात, उकळत्या पाण्यात. जुना, नवा, दोन्ही बरोबर."

"अन् बोर्डापाशी किती येते?"

"तिथे नाही मोजलं."

"बोर्डाले सेन्सर दिसतच नाई बेटा. त्याले वायरीच्या टोकावर काय येते तेच दिसते. तिथून मोज. अन् गरम असतानी मोज."

या दोन वाक्यांनी काम झालं. मेकॅनिकने आणि मी, दोघांनीही थंड ओव्हनमध्ये आणि सेन्सरच्या अगदी जवळ मोजलं होतं. बिघाड गरम झाल्यावर येतो हे पहिल्या दिवसापासून समोर होतं.

पद्धत अशी ठरवली. थर्मोकपलचं टोक सेन्सरच्या नळीला बारीक तांब्याच्या तारेने बांधलं, वायर दाराच्या फटीतून बाहेर. ओव्हन दीड तास १८० वर चालवला. मग बंद केला, एमसीबी पाडला, प्लग काढला, वरचा पत्रा उघडून बोर्डातून सेन्सरचं सॉकेट उपसलं आणि त्यात मीटरच्या पिना लावल्या. दार बंदच ठेवलं. ओव्हन हळूहळू निवतो, तसतसे दोन्ही आकडे लिहीत गेले.

थर्मोकपल १६८: मीटर १७१२, यायला हवे होते १६४०. आकडा स्थिरही नव्हता, दहा-पंधरा ओहम मागेपुढे नाचत होता. १४० ला १५६१, हवे १५३६. ११० ला १४२४, हवे १४२३. ८० ला १३१०, हवे १३०९. म्हणजे खाली सगळं चोख, आणि वर कुठूनतरी ७२ ओहम जास्तीचे येतात. १७० च्या आसपास अंशाला ३.७ ओहम धरले तर ७२ म्हणजे १९ अंश. बोर्डाला १८७ दिसतात तेव्हा आत १६८ असतात. बोर्ड बिचारा त्याला मिळालेल्या आकड्यावर बरोबर वागतोय.

इथून एक नियम हाताला लागला. वाटेत कुठे जोड सैल असेल तर रोध वाढतो, पॅनेल जास्त दाखवतं, ओव्हन प्रत्यक्षात कमी तापतो. ओलावा शिरला किंवा दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर रोध घटतो, पॅनेल कमी दाखवतं आणि ओव्हन नको तितका तापतो. हा दुसरा प्रकार आगीचा आहे. तुमचं करपत असेल तर शोध घेत बसू नका, ओव्हन वापरणं आधी थांबवा.

१८ मे

जास्तीचे ७२ ओहम कुठून येतात ते शोधायचं. ओव्हन पूर्ण थंड, मीटर बोर्डाकडच्या टोकावर, काका मीटरपाशी. मी मागे बसून हेअर ड्रायरने एकेक भाग गरम केला. बोर्डाकडच्या सॉकेटवर गरम हवा: काही नाही. मधल्या वायरीवर: काही नाही. मागच्या पांढऱ्या कनेक्टरवर ड्रायर धरला, काका तिकडून मोठ्याने वाचत होते: ११५५, ११५६, ११९०, १२४०, ११६५, १२३८. सेन्सरचं टोक या वेळी खोलीच्याच तापमानाला होतं. ड्रायर बाजूला केला, दोन मिनिटांत पुन्हा ११५५.

कनेक्टर उघडून टॉर्चखाली पाहिला. बाहेरून पांढरं असलेलं प्लॅस्टिक आत एका बाजूला चहाच्या रंगाचं झालेलं. सेन्सरच्या दोन पिनांपैकी एक चकचकीत, दुसऱ्या घरातली निळसर-तपकिरी. बोर्डाकडून येणाऱ्या बाजूला पिन पकडायला वाकवलेली छोटी पितळी पट्टी असते, ती एका घरात चपटी झाली होती. पिन घातली तर अडकतच नाही, वायर धरून उचलली की अलगद निसटते. दुसऱ्या घरात तीच पिन ओढायला जोर लागतो. थंड असताना सैल पट्टी कशीबशी टेकते, तापली की सुटते. नवीन सेन्सर याच सडलेल्या घरात जाऊन बसला होता, म्हणून त्यानेही तेच केलं.

कनेक्टर इतका भाजला कसा, तेही दिसलं. त्याच्यामागची काचेची लोकर हातभर खाली सरकली होती आणि कनेक्टर थेट ओव्हनच्या आतल्या पत्र्याला टेकून होता.

१९ मे

सोपा उपाय आधी: पट्टी बारीक पक्कडने दाबून घट्ट केली, पिना घासल्या, जोडलं. दोन ट्रे उत्तम, तिसऱ्याला पुन्हा फिकेपणा. पितळी पट्टी एकदा भाजली की तिचा ताण जातो, दाबून परत येत नाही. यात वेळ घालवू नका.

डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून टाकायचा विचार आला होता. काकांनी नको म्हटलं आणि ते पटलं. नेहमीचं सोल्डर १८३ ते १९० ला वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, आणि हा जोड ओव्हनच्या पत्र्याजवळ आहे.

२१ मे

इतवारीत गिझर-इस्त्रीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून चिनी मातीचा दोन घरांचा कनेक्टर ४५ रुपये, फायबरग्लासची वायर, वरची नळी आणि पिन थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची पिन) मिळून ११० रुपये. साधी पीव्हीसी वायर इथे वापरू नये, ती इतक्या उष्णतेसाठी नसते.

भाजलेला कनेक्टर दोन्ही बाजूंनी कापला. बोर्डाकडची वायर मागे चार बोटं काळपट झाली होती, तेवढी कापून फायबरग्लास वायरचा तुकडा जोडला, तोही दाबून, डाग न देता. चारही टोकांना पिन थिंबल दाबले आणि मग चिनी मातीच्या कनेक्टरात स्क्रूने कसले. थिंबल न लावता नुसते तारांचे केस स्क्रूखाली घातले तर तापून-निवून ते बसतात आणि जोड पुन्हा सैल होतो. कनेक्टर पत्र्यापासून दूर, मागच्या बाहेरच्या चौकटीला क्लिपने बांधला. लोकर वर सरकवून तिच्या मूळ जागी दाबली आणि खाली घसरू नये म्हणून स्टीलची तार आडवी ताणली. या कामाला आख्खी दुपार गेली, त्यातला निम्मा वेळ लोकरीला.

सेन्सर मुद्दाम जुनाच परत लावला. तो निर्दोष आहे हे पक्कं व्हायला हवं होतं. नवा पाकिटात घालून ठेवला.

२२ मे

आधी एक तास १८० वर चालवून, निवल्यावर चारही स्क्रू पुन्हा कसले. प्रत्येक स्क्रू थोडासा फिरला. हे टाळू नका.

मग १७ तारखेचीच चाचणी पुन्हा. दीड तासानंतर १६८ ला १६४२, १४० ला १५३७, आकडा जागचा हलत नाही. जोडून १७० वर चालवला: मधल्या जाळीवर थर्मोकपल १६३ ते १७८ मध्ये वरखाली, सरासरी १७० च्या आसपास. एवढा चढउतार ओव्हनचा स्वभावच आहे, कॉइल चालू-बंद होते त्याचा. दोन तासांनंतरही तेच.

रात्री नानखटाईचे चार ट्रे सलग लावले. चौथ्याचा रंग पहिल्यासारखाच. काकांकडे डबा भरून दिला.

२६ मे

खर्च: भेट ४५०, कुरिअर ८५, सेन्सर १,१५०, थर्मोकपल २८०, डायल थर्मामीटर ३५०, कनेक्टर आणि वायर १५५. एकूण २,४७०. प्रत्यक्ष दुरुस्ती १५५ ची. थर्मोकपल धरला तरी ४३५ मध्ये शोध आणि दुरुस्ती दोन्ही झाली असती.

ओव्हन भिंतीच्या कोनाड्यात अगदी मागे टेकवलेला होता. तो चार बोटं पुढे घेतला आणि कोनाड्याच्या वरच्या फळीला मागे हवा जायला खाच पाडून घेतली. स्वयंपाकघरच ४१ असताना मागची गरम हवा कोंडून राहिली तर कुठलाही जोड फार काळ टिकणार नाही.

१४ जून

पाऊस सुरू झाला. दमट हवेत रोध घटतो का ते बघायला बोर्डाकडून पुन्हा मोजलं: खोली ३१, मीटर ११२१, हवे तेवढेच. नळीचं स्टील आणि वायरी यांच्यामध्ये मेगाओहमच्या रेंजवर काहीच दिसत नाही, म्हणजे ओलावा शिरलेला नाही. लोकर जागेवर आहे. कनेक्टरचा एकही स्क्रू सैल झालेला नाही.

दाराचं रबर खालच्या डाव्या कोपऱ्यात कडक झालंय, तिथून गरम हवा हाताला लागते. नवीन रबर मागवलंय. आलं की बसवून दोन तासांचं वाचन पुन्हा घेईन आणि इथेच लिहीन.